गाडीचं कपाळ

चेन्नई, ३ ऑगस्ट २०२५

रंजनी,

सगळं फिरलं ते काल सकाळी, तुझ्या अप्पांनी बोळातली निळी ताडपत्री ओढली त्या क्षणी. त्याआधी मी कोण होतो? कॉलेज तिसऱ्या वर्षाला सोडलेला, एग्मोर स्टेशनमागच्या गल्लीत लोकांचे कार्ब्युरेटर धुणारा मिरजेचा पोरगा. ताडपत्री खाली पडली, धूळ बसली, आणि मला एकदम दिसलं की तुझ्या घराच्या दारात मान वर करून उभं राहायचा रस्ता इथूनच जातो.

(तू म्हणालीस, फोन करू नकोस, फोनवर तू ओरडतोस, पत्र लिही, कागदावर ओरडता येत नाही. येतं!!! पण प्रयत्न करतो.)

तू मला कधी सांगितलंच नाहीस की तुमच्या बोळात गुझ्झी आहे! "अप्पांची जुनी वंडी" म्हणायचीस, मला वाटायचं असेल एखादी बुलेट. अगं, इटलीची, पन्नासच्या दशकातली, पाचशे सीसी. सिलिंडर उभा नाही, जेवून लवंडल्यासारखा आडवा. आणि डाव्या अंगाला ते मोठं फ्लायव्हील उघड्यावर फिरतं. अप्पांनी किक मारायला पाय उचलला, गुडघा धरून परत ठेवला, आणि मला म्हणाले, "यू ट्राय." तिसऱ्या किकला लागली. असा आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. एक ठोका, मग विचार करून दुसरा. वरच्या बिऱ्हाडातून अलमेलू मामी ओरडल्या, "ग्राइंडर चालू झाला का?"

आता ऐक. पाच वर्षांपूर्वी हिला भंगारवाला वजनावर मागत होता, हे अप्पांनीच सांगितलं. आज शरदसरांनी (माझे मालक, सोलापूरचे, वीस वर्षं इथे आहेत) बंगळूरूच्या एका शौकिनाला नुसता फोटो पाठवला, तर त्यानं जो आकडा सांगितला तो ऐकून सरांचा चहा हातात गार झाला. जगभर हेच चाललंय. ज्यांच्या बापानं असली गाडी पाहिलेली नाही ते आता जुनी इटालियन हवी म्हणून रांगेत आहेत. आणि भाव वाढला की खोटेपणा वाढतो. नव्या टाक्या चहाच्या पाण्यात गंजवून जुन्या म्हणून विकतात. म्हणून गिऱ्हाईक आधी एकच बघतं: आरसी बुकातला इंजिन नंबर आणि इंजिनावर कारखान्यात ठोकलेला नंबर एक आहे का. अप्पा म्हणाले, "ऑल ओरिजिनल. एक स्क्रू बदलला नाही."

हा सौदा नीट झाला तर सर मला श्रीपेरुंबुदूर रोडच्या नव्या शोरूममध्ये भागीदार करणार. मग मी तुझ्या अप्पांसमोर बसणार आणि विचारणार. काय विचारणार ते तुला माहीत आहे.

गाडी वर्कशॉपला नेऊ का म्हटलं, तर म्हणाले, "रंजनीला विचारतो." तुला काय विचारणार? गाडीबद्दल, की माझ्याबद्दल? लवकर लिही. आणि गाडीची हकिकत लिही, गिऱ्हाइकाला हकिकत लागते.

तुझा (हो, तुझाच),
क्षितिज

*

पुणे, १३ ऑगस्ट

क्षितिज,

तुझं पत्र नंदितानं आधी वाचलं. रागावूं नकोस, तुझं अक्षर मला लागेना. नंदिता माझी रूममेट, माझ्याच चाकणच्या प्लांटमध्यें कामाला. ती म्हणते, मी ऐतिहासिक नाटकातल्या राणीसारखं मराठी बोलतें. तीनशे वर्षं तमिळ मुलखांत राहिलेल्यांची मराठी ती, दुसरी कशी असणार! चेन्नईत मी मराठी, पुण्यात मी मद्रासी. सेरि, चालूं दे. रविवारीं तिचा भाऊ आम्हांला सिंहगडावर नेणार आहे.

हकिकत मोठी नाहीं. अप्पा लहान असतां एका इटालियन फादरच्या वर्कशॉपमध्यें फिटरचं काम शिकले. त्या हातांवरच पुढे पेरंबूरला रेल्वेत लागले. वंडी त्या फादरची. म्हातारे होऊन ते परत आपल्या गांवीं निघाले तेव्हां किल्ली अप्पांना दिली. "सांभाळ" असं नाहीं म्हणाले. "वापर" म्हणाले. अप्पांनीं वापरली. अम्मा लग्न होऊन तिच्यावर बसून आली, मी हॉस्पिटलांतून घरीं आलें ती तिच्यावर.

आतां गुडघा ऐकत नाहीं, हें एक. आणि दुसरं तूं लिहिलेला तो भाव. पूर्वीं मामी तिच्या हँडलला ओली छत्री अडकवायच्या, मी तिच्या सीटवर बसून होमवर्क करायची. भाव कळला तेव्हांपासून अप्पा रात्रीं उठून बोळांत जाऊन बघतात. फोनवर म्हणाले, "चालवतां येत नाहीं आणि झोपतांही येत नाहीं, मग ठेवून काय करूं?" म्हणून विकतात. जो चालवील त्याला.

एक गोष्ट मात्र सांभाळ. दर आयुधपूजेला वंडीच्या कपाळाला पोट्टू लावायचं काम माझं. आधी ओली हळद, वर कुंकू. अप्पा म्हणायचे, बाकी कुठे लाव न लाव, कपाळ चुकवायचं नाहीं. आणि पुसायचं नाहीं, तें आपसूक जिरूं द्यायचं. तुम्ही लोक पॉलिश करायला बसलां कीं सगळं घासतां. कपाळ घासूं नका.

अप्पांनीं विचारलं होतं. मी उत्तर दिलं. काय, तें मग कधीं.

दारं आपटूं नकोस. तूं कॉलेज सोडलंस तेव्हां एचओडीच्या दाराची पाटी पडली, ती गोष्ट ज्युनिअर मुलं अजून सांगतात. आमचं दार फार जुनं आहे.

रंजनी

*

चेन्नई, ३० ऑगस्ट

रंजनी,

मेलो. कपाळ गेलं!

तुझं पत्र मी खिशात घेऊन कोचीला गेलो होतो, म्हणून उशीर, आणि कपाळाचं कुणाला सांगायचंही राहिलं. अप्पांनी गाडी दिली. आरसी बुक माझ्या हातात ठेवलं, सरांच्या नव्हे, माझ्या. आणि बोळाच्या तोंडापर्यंत मागे हात लावून ढकलत आले. मी गाडी वर्कशॉपला आणली त्याच दिवशी सर म्हणाले, हिचा जुना सायलेन्सर कोचीत एकाकडे आहे, तू जा, दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही. आठवडा गेला. सायलेन्सर भलत्याच गाडीचा निघाला. परत येतो तर वर्कशॉपच्या पोरांनी हेडलाइट आरशासारखा चकचकीत करून ठेवलेला. हळद नाही, कुंकू नाही, काही नाही. मी त्यांच्यावर असा ओरडलो की शेजारचा इडलीवाला बघायला आला. सर हसले, म्हणाले, "अरे कुंकू पाच रुपयाला मिळतं. नवीन लाव." तुला पुसलेलं चालणार नाही हे मला माहीत आहे. माफ कर. अप्पांना सांगू नकोस.

बाकी गाडी अशी दिसतेय की रस्त्यावरचे लोक थांबतात. मी नव्हतो तेव्हा सरांनी स्वतः इंजिन उतरवून साफ करून बसवलं. आवाज मला जरा वेगळा वाटला. ठोका पूर्वी विचार करून पडायचा, आता घाईत पडतो. सरांना म्हटलं तर म्हणाले, "आंघोळ केल्यावर माणसाचाही आवाज बदलतो." असेल. त्यांचा अनुभव मोठा.

बंगळूरूचा माणूस दोन आठवड्यांनी आपला तपासनीस पाठवतोय. झालं की झालं. सरांनी शोरूमच्या पाटीचं चित्र काढून आणलंय. खाली बारीक अक्षरात माझं नाव आहे. मी ते चित्र भिंतीला लावलंय आणि दिवसातून दहादा बघतो. आपल्या लग्नाच्या पत्रिकेवर आडनाव आधी की नाव, असले विचार करतो आणि स्पॅनर पायावर पाडून घेतो.

"मग कधीं" म्हणजे कधी? अप्पांनी काय विचारलं? तू काय सांगितलंस? तुझं पत्र दोन पानांचं, त्यात माझ्यावर एक ओळ, तीसुद्धा दारांची. आणि सिंहगडाची घाई काय होती? सिंहगड पळून जात नाही. नंदिताच्या भावाला म्हणावं, मिरजेत पैलवान असतात.

क्षितिज

*

चेन्नई, १४ सप्टेंबर

रंजनी,

तू उत्तर दिलं नाहीस. आता देऊही नकोस, आधी हे वाच.

तपासनीस काल आला. शांत माणूस, पांढरा शर्ट, खिशात भिंग. टाकी, चाकं, तारा सगळ्याला मान डोलावली. मग सिलिंडरच्या मागे इंजिनावर जी बोटभर सपाट जागा आहे, जिथे नंबर ठोकलेला असतो, तिथे वाकला आणि वाकूनच राहिला. उठला, भिंग पुसलं आणि म्हणाला, "हा कारखान्याचा ठोका नाही. घासून पुन्हा ठोकलाय. आकडे सरळ रेषेत नाहीत. दुसरं कुठलं तरी इंजिन आहे." नमस्कार करून निघून गेला. संतापला असता तरी बरं वाटलं असतं.

सर माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "म्हातारी माणसं करतात रे असं. कधीतरी मूळ इंजिन गेलं असेल, दुसरं टाकलं असेल, आता भाव बघून गप्प बसले. तू मनाला लावून घेऊ नकोस."

मनाला नाही, डोक्याला लागलं. एग्मोरहून तुमच्या ट्रिप्लिकेनपर्यंत चालत गेलो, डोकं निवेल म्हणून. निवलं नाही. अप्पा ओट्यावर पेपर वाचत होते.

मी म्हटलं, "काका, तो नंबर कुणी ठोकला?"

"कुठला नंबर?"

"नाटक नको. इंजिन दुसरं आहे. तुम्ही ऑल ओरिजिनल म्हणालात. मी चार लोकांत तोंड वर करून सांगितलं, आज माझं थोबाड फुटलं."

त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "बस. पाणी पी."

ते ऐकून मी आणखीच पेटलो. म्हटलं, "पाणी नको, खरं सांगा! तुमच्या मुलीशी लग्न करणार आहे मी, मला तरी फसवू नका!"

असं बोललो मी, रंजनी. दोन वर्षं जे वाक्य घोळवत होतो ते असं बाहेर पडलं. मामी जिन्यात पापडाचं ताट घेऊन उभ्या.

अप्पा उठले. गुडघ्यावर हात टेकून, हळू. माझ्याकडे बघून एकच शब्द बोलले. "जा."

मी गेलो. दार आपटलं. वरची रंगीत काच फुटल्याचा आवाज आला, मी मागे पाहिलं नाही.

चूक माझी आहे? सांग. आवाज चढवला ही चूक, मान्य. पण खोटं कोण बोललं? मी एका माणसावर विश्वास ठेवून सगळं पणाला लावलं, आणि त्यानं मला बाजारात उभं केलं. वडील आहेत म्हणून तू त्यांची बाजू घेणार हे मला दिसतंच आहे.

क्षितिज

*

पुणे, १८ सप्टेंबर

क्षितिज,

मामींचा फोन तुझ्या पत्राच्या आधी आला. त्या म्हणाल्या, "तो मिरचीचा पोरगा आला होता." मिरज नाहीं, मिरची. आज पहिल्यांदा वाटलं, मामींचंच बरोबर.

अप्पांनीं फोन केला नाहीं. मी केला तर म्हणाले, "काच फुटली, वाऱ्यानं." बस, एवढंच. तुझं नांव घेतलं नाहीं.

तूं लिहितोस, ते "जा" म्हणाले. तुला कळलं कां तें काय आहे? आमच्या घरांत कोणालाही "जा" म्हणत नाहीं. तुमच्याकडेही "येतो" म्हणूनच निघतात ना? आमच्याकडे निरोप देणाराही "जाऊन ये" म्हणतो. गॅसवाल्याला म्हणतात, शत्रूला म्हणतात. नुसतं "जा" प्रेताला. माझ्या अम्माला नेलं तेव्हांसुद्धां अप्पांच्या तोंडून तें निघालं नाहीं. तुला म्हणाले.

आणि आतां "मग कधीं" म्हटलेलं सांगतें. अप्पांनीं ऑगस्टमध्यें विचारलं होतं, "हा पोरगा कसा? वंडी देऊं कां?" मी म्हटलं, "रागीट आहे, पण खोटा नाहीं. द्या." मग म्हणाले, "वंडीबद्दलच विचारतों आहे असं समजूं नकोस." मी म्हटलं, "समजलें. द्या." तर तें उत्तर त्यांना दीड महिन्यापूर्वींच मिळालेलं होतं. तुला तें वाक्य असं ओरडून फोडायची गरजच नव्हती. वंडी त्यांनीं तुझ्या शब्दावर दिली नाहीं, क्षितिज. माझ्या शब्दावर दिली.

बसून रडावं असं वाटलं. पण मी क्वालिटीमध्यें काम करतें. रोज दिवसभर पार्ट हातांत घेऊन एकच बघतें, हा तोच आहे कां. म्हणून तुझी सगळी पत्रं पुन्हा काढून ओळीनं वाचलीं. आणि दुसऱ्यांत अडकलें. तूं लिहितोस, हेडलाइट पॉलिश केला, कपाळ गेलं.

अय्यो, हेडलाइट कसलं कपाळ! हेडलाइट डोळा. डोळ्यांत कुंकू कोण घालतं? कपाळ म्हणजे जिथे लिहिलेलं असतं तें. ब्रह्मदेव माणसाच्या कपाळावर लिहितो ना, तसं तिच्या कारखान्यानं जिथे लिहिलं तें. सिलिंडरच्या मागें, तो नंबर! अप्पांनीं लहानपणीं मला हेंच शिकवलं, मला वाटलं सगळेच असं म्हणतात. वीस वर्षं दर आयुधपूजेला मी त्या आकड्यांवर ओली हळद थापली आहे, वर कुंकू. ते आकडे मला बोटानं पाठ आहेत. हळद त्यांच्यांत दगडासारखी बसली आहे. टूथब्रशनं निघणार नाहीं, घासून निघणार नाहीं. निघाली तर आकडाही निघेल.

तुझ्या तपासनिसानं भिंग लावून पाहिलं. त्याला हळद दिसली कां? त्यानं तसं म्हटलं कां? तुला दिसली कां?

जा, आणि तिचं कपाळ बघ. (हें "जा" मी मुद्दाम लिहिलं आहे. परत यायचं कीं नाहीं, तें काय बघशील त्यावर.)

रंजनी

*

चेन्नई, २ ऑक्टोबर

रंजनी,

तुझं पत्र दहा दिवसांपूर्वी दुपारी आलं. मी ते उभ्यानंच वाचलं आणि उभ्यानंच गाडीकडे गेलो. आकडे स्वच्छ होते. धुतलेल्या ताटासारखे. कडेला घासल्याच्या बारीक रेघा, आणि हळदीचा कणसुद्धा नाही.

आत्तापर्यंतचा मी असतो तर सरांच्या टेबलावर पाना आपटला असता. पण तू लिहिलंस ना, परत यायचं की नाही ते काय बघशील त्यावर. म्हटलं, आधी बघू, तिचं खरं इंजिन कुठे आहे ते. सर जेवायला गेले होते. मागच्या खोलीत एन्नोर बंदरावर जाणाऱ्या लाकडी पेट्या असतात, जुने सुटे भाग बाहेरदेशी जातात त्यातून. एकीवर "वॉटर पंप" लिहिलेलं. पंप एवढा जड नसतो. फळी उचकटली. आत तेलकट कापडात आडवा सिलिंडर, जेवून लवंडलेला. कापड सारलं. सपाट जागा काळी दिसत होती. पेट्रोलचं बोट फिरवलं तर काळ्याखालून तांबडं आलं, तांबड्याखालून पिवळं. आकड्यांच्या खाचा भरलेल्या. नखानं टोकरलं, निघेना. मी तिथे जमिनीवर बसलो. वीस वर्षांची तुझी बोटं होती ती, आणि मी तुझ्या बापाला खोटारडा म्हणालो होतो.

सर आले ते दातात काडी घालून. पेटी उघडी बघून थांबले. मी उठून उभा राहिलो.

"बस," म्हणाले. "चहा सांग."

मी कापड पुन्हा इंजिनावर ओढलं.

"अरे, गाडी तीच आहे. रंग तोच, कागद तेच. घेणारा काय चालवणार आहे? दिवाणखान्यात उभी करणार आणि पाहुण्यांना दाखवणार. आत कुठलं पोट आहे याच्याशी त्याला काय करायचंय? हे इंजिन तिकडे वेगळं जातं. एका गाडीच्या दोन गाड्या. शोरूम काय हवेतून उभी राहते?"

मी उचकटलेली फळी बाजूला ठेवली.

"तो भिंगवाला मध्ये आला नसता तर काही नव्हतं. आता दुसरं गिऱ्हाईक बघू. आणि म्हाताऱ्यावर तू स्वतःच आळ घालून आलास, मी नाही." मग आवाज खाली आणून, "हे बघ, परमुलखात आपण दोघं मराठी माणसं. गाडी इथे कोणी आणली? तू. आरसी बुक कोणाच्या हातात होतं? तुझ्या. बोंब झाली तर पहिलं नाव कोणाचं? कॉलेज सोडलंस, आता हेही सोडलंस तर तुझ्याकडे राहणार काय?"

तोंडाशी सगळं आलं होतं, रंजनी. मिरजेच्या तालमीतलं सगळं. पण तुझं पत्र हातात होतं, आणि मला अप्पांचं "बस, पाणी पी" आठवलं. मी म्हटलं, "सर, गाडी आणि हे इंजिन, दोन्ही मी घेऊन जातो. नाही दिलंत तर इथेच फाटकात उभा राहतो. जे गिऱ्हाईक येईल त्याला तुमची हीच गोष्ट सांगतो, तुमच्याच शब्दांत. ओरडणार नाही."

त्यांनी दातातली काडी काढली. म्हणाले, "तू ओरडत का नाहीस?" त्याचीच त्यांना भीती वाटली असं मला वाटतं. भिंतीवरचं ते पाटीचं चित्र मी काढलं, घडी केली आणि त्यांच्या टेबलावर ठेवलं. पोरांनी छोट्या हत्तीत (इथे त्याला कुट्टी यानै म्हणतात) गाडी चढवायला हात लावला. सरांनी अडवलं नाही. फाटक मी लावलं नाही, ते त्यांचं त्यांनी लावलं.

तुमच्या दारात उतरलो तेव्हा अप्पा ओट्यावर. काचेच्या जागी पुठ्ठा लावलेला. मी टेम्पोवाल्याच्या मदतीनं इंजिन उचलून त्यांच्या पायाशी ठेवलं, कापड बाजूला केलं. ते वाकू शकले नाहीत. हातातली काठी पुढे करून तिच्या टोकानं त्या आकड्यांना हळूच हात लावल्यासारखं केलं. मी म्हटलं, "काका, चुकलो." ते आत गेले आणि हत्यारांची पेटी आणून माझ्यासमोर ठेवली. पेरंबूरची, जुनी. त्यात प्रत्येक पान्याला जागा आहे आणि एकही रिकामी नाही.

तेव्हापासून रोज गेलो. बोळात बसून खोटं उतरवलं, खरं चढवलं. ते खुर्चीत बसून बघत. चुकीचा पाना उचलला की घसा खाकरत, बरोबर उचलला की पेपर उलटत. एवढंच संभाषण. मामी मला कॉफी द्यायच्या ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ठेवून, मांजराला देतात तशी. रोज निघताना मी "येतो" म्हणायचो. एक दिवसही "जाऊन ये" आलं नाही. मी निघायचो, दार उघडंच सोडून. त्याला हात लावायचा धीर होत नव्हता.

काल आयुधपूजा. सकाळी शेवटचा बोल्ट आवळला. किक मारली. ठोका पडला. थांबला, विचार केला, दुसरा पडला. अप्पांनी डोळे मिटले. वरून मामी म्हणाल्या, "ग्राइंडर!" आणि मग त्यांचा आवाज फुटला, म्हणून आत गेल्या.

तेवढ्यात अप्पांचा फोन वाजला. स्पीकरवर. बंगळूरूचा माणूस. त्याला कुठून तरी सगळं कळलं होतं. म्हणाला, मूळ इंजिन मिळालं असं ऐकतो, अभिनंदन. मी आधीपेक्षा जास्त द्यायला तयार आहे. एकच विनंती, ती हळद-कुंकवाची पुटं काढू नका, अशी खूण जगात दुसऱ्या कुठल्या गाडीला नसेल, त्याची किंमत वेगळी धरू.

माझ्या कानशिलात रक्त चढलं. तुझ्या बोटांची किंमत! अप्पांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग फोन तोंडाजवळ नेऊन म्हणाले, "रॉंग नंबर," आणि बंद केला.

ते हसले नाहीत. मीही हसलो नाही. पण पुढचे काही क्षण आम्ही दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळत होतो, ते हसू येईल म्हणून.

मग त्यांनी आतून ताट आणलं. ओली हळद, कुंकू, लिंबं, कोहळा. चाकांखाली लिंबं मी ठेवली. ते ताट घेऊन गाडीच्या डाव्या अंगाला गेले, गुडघा वाकवायला लागले. अर्ध्यावर अडकला. एका हातानं सीट धरून तसेच उभे राहिले. तू पुण्यात. मी दोन पावलांवर, ग्रीस लागलेल्या हातांनी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. नुसतं ताट माझ्या दिशेनं धरलं.

मी हात पँटला पुसले, मग पुन्हा पुसले. गुडघ्यांवर बसलो. हळद बोटावर घेऊन त्या आकड्यांवर लावली. बोटाखाली खाचा लागत होत्या आणि त्यांत जुनं काहीतरी आधीच बसलेलं होतं, घट्ट. वर कुंकू. चुकवलं नाही.

उठलो. आता काम संपलं होतं, उद्या यायला कारण नव्हतं. नोकरी नाही, शोरूम नाही, विचारायचं होतं ते तर मी आधीच ओरडून बसलो होतो. पेटीत पाने जागच्या जागी लावले. उंबऱ्यापाशी जाऊन म्हटलं, "येतो."

मी बाहेर पाऊल टाकलं.

तेव्हा आवाज आला. तुमच्या घरातल्या त्या जुन्या मराठीत, पेपर उलटता उलटता:

"दार हळू लाव. काच उद्या नवी बसवायची आहे."

मी वळलो नाही. पुठ्ठ्याखाली हात धरला, आवाज होऊ दिला नाही, आणि दार लावलं.

क्षितिज